एकदाच उघडायची बिजागरी

"भाषणात चंद्राचं सांग, पोरी. मान्सं चंद्राचं ऐकायला येऊन राहिलीत," मुंजाजीकाका नव्या शालीची घडी उलगडून पाहत म्हणाले.

"काका, आमचं यान चंद्रावर न्हाई गेलं. उपग्रह हाय त्यो. पृथ्वीभवतीच फिरतो."

"फिरून तर राहिला ना? मंग झालं." त्यांनी शाल पुन्हा कागदात गुंडाळली. "पद्मावहिनी, संध्याकाळी विहारात लवकर या. माईक हिंगोलीहून सांगितलाय."

ते गेले. आकांक्षा उंबऱ्यावर तशीच बसून राहिली.

उड्डाण झालं त्या दिवशी पुसेगावच्या विहारात टीव्ही मांडला होता. ज्वाळा सोडत यान वर गेलं आणि बाहेर फटाके वाजले. गावाच्या लेखी पोरगी तेव्हाच पास झाली. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, हे टीव्हीनं दाखवलं नव्हतं. वर पोचल्यावर उपग्रहाचे दोन्ही पंख उघडायचे असतात. त्यांवर ऊन पडलं की वीज मिळते. एक पंख उघडला, दुसरा मिटलेलाच राहिला. दोन्ही पंखांच्या बिजागऱ्या आकांक्षाच्या हातच्या होत्या.

रोबोटिक्समध्ये एम.टेक. करून ती बंगळुरूकडच्या, उपग्रहांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागली, तेव्हा आपण यंत्राचे हात घडवणार असं तिला वाटत होतं. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिच्यासमोर एक बिजागरी ठेवली आणि आता हे तुमचं, म्हणाले. खोलीवर जाऊन ती रडली होती. पुढं हळूहळू कळत गेलं, की हातसुद्धा शेवटी सांध्यांवरच चालतो आणि असा एक सांधा धड जमवायलाच माणसाची उमेदीची वर्षं खर्ची पडतात. वर अवकाशात तेल चालत नाही, उडून जातं. घटकेत हाडं गोठवणारी थंडी, घटकेत भाजणारं ऊन. आणि उघडायचं ते आयुष्यात एकदाच. अडकली तर हलकासा धक्का द्यायलाही तिथं कुणी नसतं. बरोबरीच्या मुली लग्नं करून गेल्या, काही परदेशी गेल्या. ही हंगामीवरून कायम झाली, बिजागरीपाशीच राहिली, आणि तिला ते आवडूही लागलं.

"काहून बसलीस अशी?" मायनं आतून विचारलं. पद्माबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. नवरा गेल्यापासून घरात एकट्याच.

"माय, ते उघडलं न्हाई."

"काय उघडलं न्हाई?"

आकांक्षानं सगळं सांगितलं. पद्माबाई कणीक मळायच्या थांबल्या.

"मंग? काहून अडकलं, ते कोन बगनार?"

"सोमवारी बैठक हाय. मोठमोठे लोक येतेत. मला उभं करतील. म्या जानार न्हाई, माय. येताना हिंगोलीच्या पॉलिटेक्निकात विचारून आले. शिकवायला मानूस पाहिजे त्यांना. रोज घरी येईन. तुझ्याजवळच राहीन."

पद्माबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला आणि तो उजेड लपवायला त्या परातीवर वाकल्या. "जेवून घे आधी," एवढंच म्हणाल्या. जेवण झाल्यावर आकांक्षाचा डोळा लागला. माय पदर खोचून कुठं बाहेर गेली, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी विहार भरला. जयभीम झाले, वंदना झाली. मुंजाजीकाकांनी "आपल्या गावाची कन्या" चार वेळा म्हणून घेतलं आणि माईक तिच्या हातात दिला. तिला चंद्राचं काहीतरी सांगून बसता आलं असतं. पण समोर चौथी-पाचवीतल्या पोरी मांडी घालून, तोंडं वर करून बसल्या होत्या.

"उपग्रह वर गेला," ती म्हणाली, "पन त्याचा एक पंख उघडला न्हाई. ते काम माझं व्हतं. म्हनून सत्कार नको."

कुणी खोकललं. मुंजाजीकाकांनी शाल या हातातून त्या हातात घेतली. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. पुढं होऊन ते मायेनं म्हणाले, "जाऊ दे, लेकरा. तुझा काय दोष? ग्रहच फिरले असतील."

दोन-चार माना हलल्या. आकांक्षाला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यावर सुटता आलं असतं.

बायकांच्या बाजूनं पद्माबाई उठल्या.

"बाबासायबांच्या फोटूम्होरं उभं राहून ग्रह काढून राहिले व्हय, मुंजाजीभाऊ?"

मुंजाजीकाकांनी जीभ चावली. मागं हशा पिकला.

"ग्रह कायचे फिरतेत? बिजागरी अडकली," पद्माबाई म्हणाल्या. "एक उघडली, एक अडकली. म्हंजी कायतरी कारन असंल का न्हाई? ते हुडकावं लागंल. सोमवारी बैठक हाय. ती जानार हाय." मग आवाज थोडा खाली आला. "सकाळच्या गाडीनं."

आकांक्षानं मायकडे पाहिलं. माय तिच्याकडे पाहत नव्हती; खाली बसून पदर सारखा करत होती.

"बरं, मंग ह्या शालीचं काय करू?" मुंजाजीकाकांनी विचारलं.

"आनलीच हाय तर घाला," मागून कुणीतरी म्हणालं. "गाडीत सकाळचा गारवा ऱ्हातो."

सकाळी फाट्यावर सोडायला माय आली नाही. काम आहे म्हणाली. एसटी गावाला वळसा घालून हिंगोलीच्या रस्त्याला लागली तेव्हा आकांक्षाला खिडकीतून आपली गल्ली दिसली. माय आणि मुंजाजीकाका एक बाज दोन्ही टोकांना धरून चालले होते. रात्री ती याच बाजेवर झोपली होती, ही कुठून आली असं विचारलंही नव्हतं. काल दुपारी लेक "राहीन" म्हणाली तेव्हा मायनं ती मुंजाजीकाकांच्या घरून मागून आणली होती. आता परत नेत होती.

गाडीचा आवाज ऐकून माय थांबली. दोन्ही हात बाजेत अडकले होते, म्हणून तिनं नुसती मान वर केली.