पोट्टीची पाठवणी

अंजनाबाईच्या तोंडाला लागायची हिंमत कुरखेड्याच्या बाजारात कोणाची नव्हती. ती रोहूची टोपली घेऊन बसली की शेजारचे मासळीवाले आपोआप जरा सरकून बसत. एखाद्या गिऱ्हाइकानं कल्ला उघडून मासा ताजा आहे का ते बघितलं, की ती म्हणे, "पाहा, पाहा. तोंडात हात घालून दात बी मोज." गिऱ्हाईक मुकाट्यानं मासा घेऊन चालू लागे.

अशा बाईनं पाणमांजराचं पिल्लू पाळलं, याचं गावाला नवल वाटणारच. मासेमार ढिवराचं आणि पाणमांजराचं हाडवैर. जाळं फाडणार ते, मासे पळवणार ते, आणि वर पाण्यातून मुंडकं काढून आपल्याकडेच असं बघणार, की जणू चोर आपणच. पण हे पिल्लू वैनगंगेच्या पुरात वाहत आलं आणि नेमकं तिच्याच जाळ्यात अडकलं. डोळेसुद्धा धड उघडले नव्हते. वयनीनं त्याला हाणायला वल्हं उचललं होतं, असं तिचा धाकटा दीर लटारू अजून सांगतो. उचललंही असेल. पण वल्हं खाली ठेवलं गेलं आणि पिल्लू पदरात गेलं, हेही त्यानंच पाहिलं.

पिल्लू मादी निघालं, म्हणून तिचं नाव पोट्टी. दोन्ही लेकी नांदायला गेल्यापासून अंजनाबाईच्या घरात ओरडा खायला कोणी उरलं नव्हतं. ती उणीव पोट्टीनं भरून काढली. आधी बकरीचं दूध, मग कुस्करलेले झिंगे, मग अख्खे मासे. ओल्या अंगानं अंथरुणात शिरायचं, चपला नदीत नेऊन टाकायच्या, कोंबड्यांना अंगणभर पळवायचं. जेवायची वेळ झाली की अंजनाबाई जर्मनचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, उपडा धरून त्यावर पळीनं ठकठक करी. पोट्टी जिथे असेल तिथून धावत येई. गावात जावई वेळेवर येत नसतील, पण पोट्टी यायची.

जंगल खात्याची डॉक्टर हर्षा आली ती ऐन हिवाळ्यात. वडील घुग्घुसच्या खाणीत. शिफ्ट करून झोपलेल्या माणसांच्या घरात वाढूनही तिचा आवाज कसा एवढा मोठा राहिला कोण जाणे. 'जय भीम' म्हणत ती अंगणात शिरली, पोट्टीला उचलून तिचे दात पाहिले, पोट दाबलं, आणि म्हणाली, "मावशी, लेकरू छान वाढवलं तुमी. पण घरी ठेवता येत नाई. कायदा हाये."

"मंग काय करता? तुरुंगात टाकता काय तिले?"

"तसंच समजा. नदीत जगता आलं तर नदीत सोडू. नाई आलं, तर दूरच्या शहरातून पिंजऱ्याची गाडी येईन. मंग जिंदगीभर सिमेंटचं टाकं अन् बघायले आलेली माणसं."

अंजनाबाईला हे ऐकून रडू यायला हवं होतं, पण तिला आला राग. "सिमेंटचं टाकं? माह्या पोट्टीले? गाडी-बिडी काई बोलवू नका. ती नदीतच जाईन. मी धाडीन."

"शिकवावं लागन."

"माशाच्या जातीले पोहणं कोण शिकवते, डॉक्टरबाई?" पाणमांजर माशाच्या जातीतलं नाही हे हर्षाला ठाऊक होतं, पण अंजनाबाईला ते सांगून काही उपयोग नाही, एवढं तिलाही कळलं होतं.

काठालगत बांबू रोवून आणि तारेची जाळी लावून पाण्याचा एक तुकडा घेरला. त्यात जिवंत मासे सोडले. पोट्टीनं पहिल्या दिवशी माशांशी नुसता खेळ केला, नंतर एक पकडला, आणि मग असा सपाटा लावला की मासे पुरवता पुरवता लटारूच्या नाकी नऊ आले. पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या काठाला खडकांत पाणमांजरांचं एक कुटुंब राहायचं. संध्याकाळी त्यांच्या शिट्ट्या ऐकू आल्या की पोट्टी जाळीला नाक लावून उभी राही. अंजनाबाईनं बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं, की पोट्टी पास झाली.

मग एका सकाळी जाळी उघडली आणि सगळंच मुसळ केरात गेलं.

त्याच वेळी लटारूचा डोंगा नदीत होता. ढीवर जाळं लावून झालं की डोंग्याच्या कडेवर वल्ह्यानं ठोकतात. त्या आवाजानं मासे बिचकतात आणि जाळ्याकडे पळतात. लटारूनं ठोकायला सुरुवात केली, आणि पोट्टी खडकांकडे जायची सोडून सरळ पाणी कापत आली. डोंग्यात चढली. लटारूच्या पुढ्यात मागच्या पायांवर बसली आणि तोंड वर करून वाट पाहू लागली. येता येता पाण्याखालचं न दिसलेलं जाळंही तिनं फाडलं होतं.

काठावरची माणसं पोट धरून हसली. लटारू मात्र हसला नाही. काठाला लागल्यावर तो म्हणाला, "वयनी, मी हावो म्हणून ठीक हाये. त्या काठाचे लोक इले वळखत नाईत. कोणाच्याबी डोंग्यात अशी चढली, त् एक वल्हं डोक्यात, अन् खतम."

चूक कोणाची, हे अंजनाबाईला लख्ख कळलं होतं. ढिवराच्या घरात जन्मापासून ठकठक म्हणजे मासे. तिच्या आईनं तिला तसंच जेवायला हाकारलं, तिनं लेकींना, आणि तेच पोट्टीला. दुसऱ्या कोणी नुसती शीळ घातली असती, हाक मारली असती, तर चाललं असतं. तिनं पोट्टीला नेमका तो आवाज शिकवला होता, जो या नदीवर रोज वाजतो आणि जिथे जाऊ नये तिथूनच येतो.

"ठोकायचं अन् खायले द्यायचं नाई," हर्षानं उपाय काढला. "विसरून जाईन."

पोट्टी विसरली नाही. रिकाम्या गंजासमोर येऊन बसे. वाट पाही. कंटाळून निघून जाई, आणि पुन्हा ठोकलं की पुन्हा हजर.

"हिचा सोभाव कोणावर गेला?" लटारू म्हणाला.

"तुह्यावर त् नाई," अंजनाबाई म्हणाली. "तू बोलावल्यावर बी येत नाईस."

हर्षा आता हसत नव्हती. "मावशी, नुसतं विसरून भागत नाई. त्या आवाजाची दहशत बसली पायजे. मले वरून विचारणा होऊन राह्यली, गाडी कधी धाडायची म्हणून. होळीपर्यंत थांबवतो. त्याच्यापुढं माह्या हातात नाई."

दहशत कशाची बसवायची, हे अंजनाबाईला विचार न करताच सुचलं. पोट्टी कशालाच भीत नसे, कुत्र्याला नाही, माणसाला नाही. पण वाळत घातलेल्या जाळ्याजवळून ती आजही लांबून वळसा घेऊन जाई. पुरात गळ्याला आवळलेलं जाळं तिला आठवत असावं. हर्षानं मऊ सुताचं, वजनं काढलेलं जाळं घ्यायला लावलं, आणि ठरलं, की पोट्टी ठोकण्यावर आली की जाळं टाकायचं, जरा वेळ धरायचं, सोडून द्यायचं.

लटारूनं टाकलं. दुसऱ्या डोंग्यातून शेजारच्या झिंगूनं टाकलं. पोट्टी एकदा सापडली, दोनदा निसटली, आणि डोंग्यांच्या ठोकण्याला चांगलीच बिचकू लागली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. त्या दिवशी पोट्टी थरथरत अंजनाबाईच्या अंगणात येऊन बसली, आणि अंजनाबाईनं सवयीनं भाताचा गंज चुलीवरून उतरवून नुसता खाली ठेवला. पळी त्यावर आपटली. पोट्टी उड्या मारत मांडीवर आली. सगळं जग वाईट असलं तरी हा एक आवाज तिच्या लेखी चांगलाच होता.

आणि जोवर तो चांगला राहणार, तोवर पोट्टी नदीची होणार नव्हती. अंजनाबाईला हे कोणी सांगावं लागलं नाही. तिनं पोट्टीला पोटभर खाऊ घातलं आणि लटारूला हाक मारली. "ते जाळं आन इकडं."

"मी टाकतो, वयनी."

"तू टाकून काय होते? तू काय लागतेस तिचा?"

तिनं गंज उपडा केला आणि ठोकला. पोट्टी आली. अंजनाबाईनं तिच्यावर जाळं टाकलं.

पोट्टी किंचाळली. अंजनाबाईनं दोन बाळंतपणं केली होती, नवरा पोचवला होता, पण एवढं जड तिला कधीच गेलं नव्हतं. हात सोडावासा वाटला. तिनं सोडला नाही. पोट्टीनं जाळ्यातून तिच्या मनगटाचा असा चावा घेतला की दात आत रुतले. जाळं निघाल्यावर ती अंगण ओलांडून नदीकडे पळाली ती थांबलीच नाही. हर्षा जखम धुवायला आली तेव्हा अंजनाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती म्हणत होती, "चावली पाहा. मले चावली. आता जगते ती."

दुसऱ्या दिवशी काठावरून तिनं पुन्हा ठोकलं, पोट्टी बिचकत का होईना आली, पुन्हा जाळं. त्याच्या पुढच्या वेळी पोट्टी जवळ आलीच नाही.

होळीच्या आधी पोट्टी पलीकडच्या खडकांत राहू लागली होती. कळपानं आधी तिला दोन-चार तडाखे दिले, मग सोबत घेतलं. कोणत्याही डोंग्याच्या ठोकण्यावर तिचं डोकं पाण्यात गुडुप होई. तरी हर्षा म्हणाली, "शेवटचं एकदा तुमी वाजवा, मावशी. इतके दिवस झाले, भीती विरली असन त् तुमच्याच आवाजानं परत येईन. आली, त् गाडी बोलवावी लागन. नाई आली, त् ती नदीची."

अंजनाबाई काठावर गेली. सोबत गंज, पळी, आणि हातात ताजा रोहू. समोर खडकावर पाणमांजरं ऊन खात होती. त्यातली पोट्टी कोणती, हे तिला लगेच कळलं. हर्षाला कळलं नाही.

तिनं गंज ठोकला. पाणी ओलांडून आवाज पलीकडे गेला. एक मुंडकं वर झालं. पोट्टीनं या काठाकडे पाहिलं. अंजनाबाईनं पुन्हा ठोकलं, अजून जोरात, आणि मासा उंच धरला. पोट्टी नाकातून फुसकारली, पाण्यात उतरली आणि खडकांच्या मागे निघून गेली. मागोमाग सगळा कळप.

हर्षानं मोठा श्वास सोडला. आनंदानं तिला काही सुचेना. मग तिला एक शंका आली, आणि तिनं जरा दबक्या आवाजात विचारलं, "मावशी, खरं सांगजा. तुमी मुद्दाम वेगळा त् नाई ना वाजवला? ती येऊ नये म्हणून?"

अंजनाबाईनं मासा टोपलीत टाकला.

"नाई, बाई," ती म्हणाली. "ये म्हणूनच वाजवला."