कानाची खूण

पल्लवीला कुणी सांगितलं होतं हो तो पाठ लिहायला? कुणीच नाही. तिची तिनेच हौस केली.

कराडकडच्या उसाच्या पट्ट्यातली ही पोर लग्न होऊन जतकडच्या मेंढपाळांच्या गावात आली. डी.एड. झालेली, पण नोकरी काही लागेना. मग गावच्या समाजमंदिरात दुपारचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग घ्यायला लागली. शिकायला सगळ्या बायाच. त्यात राहीबाई सगळ्यांत पुढे. नवरा धुळा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाटाखाली उतरायचा आणि ही गुडघ्याच्या दुखण्यानं घरीच राहायची. अक्षरं अशी झटाझट उचलली बाईनं की पल्लवीला आपण फार मोठ्या शिक्षिका आहोत असं वाटायला लागलं.

एकदा बाकीच्या बाया गेल्यावर राहीबाई बसून राहिली. म्हणाली, "बाई, मला लय आदी वाचता यायला पायजे हुतं." आणि जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते सांगून मोकळी झाली. तिची लेक लहान असताना मिरजेहून औषधाच्या दोन बाटल्या आणलेल्या. एक पोटात द्यायची, एक अंगाला चोळायची. वाचता येत नव्हतं, घाबरलेली होती, अदलाबदल झाली. लेक गेली. धुळा तेव्हा मेंढरांमागं लांब होता. तापानं गेली म्हणून त्याला सांगितलं, ते आजतागायत तसंच. "त्यास्नी कळलं तर मी जगायची न्हाई," राहीबाई म्हणाली. पल्लवीनं तिचा हात धरला, स्वतःही रडली. खोटं नव्हतं ते रडणं, बरं का.

पण मग सांगलीला कार्यशाळा लागली. वर्ग घेणाऱ्यांसाठी नवं साहित्य करायचं होतं, भिंतीवर लावायचे तक्ते, वर चित्र आणि खाली सोपा पाठ. कार्यशाळेच्या मॅडम म्हणाल्या, शिकणाऱ्यांच्या जगण्यातलं लिहा. बाकीच्यांनी झाडं लावा, हात धुवा असलं लिहिलं. पल्लवीनं राहीबाईची बाटली लिहिली. राहीबाईची सखू केली, मिरजेचं सातारा केलं, आणि झालं, आता कुणाला काय कळतंय म्हणून स्वतःचं समाधान करून घेतलं. पाठ वाचताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. चित्रासाठी सखूच्या घरचा म्हणून फोटो मागितला तर हिनं राहीबाईच्या दारात मागं ठेवलेल्या मेंढीचा मोबाईलवरचा फोटो धाडून दिला. परतीच्या एसटीत बाईसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं.

छापील तक्ते आले आणि ते मांस झरझर उतरलं. तिनं पाठ पुन्हा वाचला. सांगलीत टाळ्या घेणारी वाक्यं ती, आता ती राहीबाईसमोर भिंतीवर लावायची? आणि ती बाई आता वाचते! आपणच शिकवलंय! पल्लवीनं तो तक्ता गुंडाळून घरी कपाटावर टाकला. वर्गात राहीबाई "बाई" म्हणून हाक मारायची तेव्हा हिची नजर जमिनीला. भाकरी गोड लागेना. सांगून टाकावं, पाय धरावेत, असं रोज ठरवायची आणि रोज टाळायची.

तालुक्यावरून मात्र फोनवर फोन. सगळे तक्ते लावल्याचा फोटो पाठवा. शेवटी हिनं रविवार गाठला. वर्ग नाही, कुणी येणार नाही, लावायचा, फोटो काढायचा, उतरवायचा. लावला. मोबाईल वर धरला, तोच दारातून आवाज आला, "हाईत का बाई?"

धुळा मेंढरं घेऊन आदल्याच दिवशी गावात परतला होता. बायकोला शिकवणाऱ्या बाईला भेटायचं म्हणून दुधाची बरणी घेऊन आलेला. मागं राहीबाई, लाजून हसत.

"हिनं मला फोनवरचं माझं नाव वाचून दावलं," धुळा सांगत होता, आणि सांगता सांगता थांबला. तक्त्यापाशी गेला. "आयला! ही आमची मेंढी!"

"मेंढ्या काय मामा, सगळ्या सारख्याच," पल्लवी कशीबशी बोलली.

"सारक्या? डावा कान टोकाला कापल्याला, उजव्याला मधी खाच. ही आमच्या घरची खूण हाय, आज्ज्यापासनं. तालुक्यातला कुठलाबी मेंढका सांगंल, ही धुळाची." तो नुसता फुलून गेला होता. "काय लिवलंय गं खाली? मला कुठं वाचता येतंय! आमच्याबद्दल काय लिवलंय?"

नाव बदललं, गाव बदललं, आणि कान तसाच ठेवला. पल्लवीनं मोबाईल खाली घेतला.

राहीबाई पुढं झाली. पल्लवीनं शिकवलं होतं तसं बोट अक्षरांखाली ठेवून आधी मनात वाचायला लागली. बोट सरकत होतं. 'बाटली'पाशी थांबलं. पुन्हा सरकलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

"मी वाचते," पल्लवी मध्ये पडली.

"तुमी कशापायी? तिला वाचू द्या की."

राहीबाईनं बोट पुन्हा पहिल्या शब्दाखाली नेलं. आवाज जरा बसला होता, पण ती वाचायला लागली. "सखूच्या घरी… मेंढी व्याली. कोकरू… पांढरं हाय. सखू त्याला… दूध पाजती. सखूची लेक… हसती." एकेका शब्दाखाली बोट नीट ठेवून वाचलं तिनं. मग वळून विचारलं, "बराबर वाचलं न्हवं, बाई?"

"बरोबर," पल्लवी म्हणाली. "अगदी बरोबर."

धुळा डोळे पुसत होता. "आपली आसती तर ती बी हसली आसती, न्हवं गं?" राहीबाईनं तक्ता भिंतीवरून उतरवला, घट्ट गुंडाळला आणि काखेत मारला.

"ह्यो मी घरी न्हेते. ह्यो येकच हाय न्हवं, बाई?"

तालुक्यातल्या एकूणएक वर्गात तो कधीच लागला होता.

"एकच आहे," पल्लवी म्हणाली.