गुलालाची बॅग

बजरंग भावजींनी मोटारसायकल दारात आणून उभी केली, तेव्हा माझी कॅमेऱ्याची बॅग हँडलला लटकत होती. चेन उघडी. आतून गुलाल गळत होता.

"घ्या वहिनी, तुमचं दुसरं लेकरू," म्हणाले आणि गाडीवरून न उतरताच त्यांनी बॅग माझ्या अंगावर सोडली. कडेवर माझी लेक मनू होती. एका हातानं तिला आवळलं, दुसऱ्यानं पट्टा पकडला. दोन्ही वाचलं.

भाऊ म्हणजे भावजींचे पुढारी. त्यांचा माणूस सभापती झाला होता, त्याची मिरवणूक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जेसीबी उभे करून त्यांच्या सुपांतून गुलाल ओतला, आणि भावजी त्याखाली उभे राहून भाऊंचे फोटो काढत होते. मी कॅमेरा बाहेर काढला. काळा कॅमेरा जांभळट दिसत होता, आणि लेन्सच्या फिरत्या कड्याभोवती गुलालाचा चिखल वाळून बसला होता.

"पुसलाय मी," भावजी म्हणाले. "टॉवेल वला करून चांगला पुसलाय."

"ओला कावून केला?"

"मग काय करू? आमी न्हाई का आंघोळ करीत गुलाल लागल्यावर? कॅमेऱ्याचं काय येगळं हाय?"

कोरडा गुलाल झटकला की जातो. पाणी लागलं की त्याचा रंग होतो आणि रंग फटीत शिरतो. हे मला आप्पांनी, माझ्या वडिलांनी, नेकनूरच्या त्यांच्या स्टुडिओत परकर-पोलक्याच्या वयात शिकवलं. लग्नात त्यांनी मला दुसरं काही दिलं नाही, हा कॅमेरा दिला. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा तो इथं घाटनांदूरला राहिला, आणि परत आले तर तो भावजींचा झाला होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "उद्या मला सिरसाळ्याला न्यायचाय. जिनतचं लग्न आहे."

"उद्या भाऊंचा वाढदिवस हाय. मला पायजे."

"मी शब्द दिलाय."

"मीबी दिलाय. तुमच्या मैत्रिणीपरीस भाऊ मोठे हायत."

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दूधपितं लेकरू घिऊन गावोगाव फोटू काढीत हिंडायचं. आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं न्हाई."

"आत्या, सात पिढ्यांमागं कॅमेरा कुठं होता?"

"त्वांड लई हाय हिला. म्हायेराहून तेवढंच आणलंय."

हे दुकानातून जेवायला आले होते. मी यांच्याकडं पाहिलं. यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली आणि म्हणाले, "मला मधी घालू नका. तुमचं तुमी बघा." नवऱ्याचा न्याय झाला.

भावजी जाता जाता उंबऱ्यातून म्हणाले, "सकाळी अकराला यीन. बॅग तयार ठिवा. न्हाईतर मला हात घालून घिता येती."

जिनत माझी अंबाजोगाईच्या कॉलेजातली. तिच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुषाला पाय ठेवता येत नाही, मग फोटोवाल्याला कुठून. तिच्या वडिलांनी, तौसीफ चाचांनी, निक्षून सांगितलं होतं: विजयमाला, म्हणजे मी, येणार असेल तर बायकांकडं कॅमेरा चालेल, नाही तर मोबाईलसुद्धा चालायचा नाही. म्हणजे मी गेले नाही, तर जिनतचा नवरीच्या वेषातला एकही फोटो जगात राहणार नव्हता. तिचा फोन रोज यायचा. "येतीस ना? खरंच येतीस ना?"

दुपारी मनू झोळीत झोपली. मी दार लावलं, पंखा बंद केला, पलंगावर धुतलेली चादर अंथरली. लेन्स साफ करायची तर हवा थांबलेली लागते. मधल्या काळात माझा हवा मारायचा फुगाही भावजींनी कुठंतरी हरवला होता, म्हणून मनूचं नाक साफ करायला आणलेला रबरी फुगा घेतला. कोराच होता, ती त्याला नाकाजवळ येऊच देत नाही. लेन्सचं तोंड खाली धरलं आणि फुस्स केलं. खाली धरायचं कारण, निघालेला कण परत आत पडू नये. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचे बारीक थेंब बसतात. चादरीवर जांभळा ठिपका पडला. परत फुस्स. मग मऊ ब्रश.

दार धाडकन उघडलं. "पंखा कावून बंद केला?" आत्या. "लेकरू उकडून मारती का?"

"थोडाच वेळ, आत्या."

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला, चादरीवरचा गुलाल उडाला. मी लंगोट ओढून कॅमेऱ्यावर टाकला, उठले आणि बटण बंद केलं. त्यांनी परत चालू केलं. मी परत बंद केलं. दोघी बटणाशी उभ्या. त्यांचा हात शेंगांच्या मातीचा, माझा गुलालाचा.

"माज आलाय तुला."

"हो, आलाय. जा तुम्ही."

मनू उठली आणि रडायला लागली. आत्यांच्या तोंडावर जिंकल्यासारखं काहीतरी आलं. मी तिला काढून मांडीवर घेतलं, पदराखाली लावलं, घाम पुसला. ती ऐकेना. वैतागून मी फुगा दाबला, फुस्स. ती थांबली. डोळ्यांत पाणी तसंच आणि माझ्याकडं बघत राहिली. फुस्स. हसली. दुधाचा ओघळ हनुवटीवरून माझ्या हातावर. मग मी दाबत राहिले आणि ती प्रत्येक फुस्सला खिदळत राहिली, आणि लेन्सच्या कड्यातून एकेक कण चादरीवर उतरत राहिला. आत्या किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. गेल्या तेव्हा दार उघडंच टाकून गेल्या.

शेवटी चष्म्याच्या कोऱ्या कापडानं, मधून सुरू करून गोल गोल बाहेर. काच स्वच्छ निघाली. फक्त अगदी कडेला, नखाएवढी, गुलाबी रेघ राहिली. ती आत गेली होती. घासली तर काच जाईल, म्हणून तिथं हात आखडला.

बॅग मात्र हाताबाहेरची होती. आतल्या स्पंजात गुलाल मुरलेला. झटकला, पण बोट लावलं की परत लाल. धुतली असती तर सकाळपर्यंत वाळली नसती. आंघोळ घातलेल्या लेकराला कुणी मळक्या झबल्यात घालत नाही. मी कॅमेरा सुती फडक्यात गुंडाळला, मनूच्या कापडी पिशवीत गोधडीच्या घड्यांमध्ये बसवला, आणि बाजूला बुटांच्या खोक्यांतल्या पांढऱ्या पुड्या टाकल्या, ओल धरू नये म्हणून. मग पिशवीत लंगोटांना जागा राहिली नाही. ते गेले कॅमेऱ्याच्या बॅगेत, प्लॅस्टिकच्या थैलीत घालून.

सकाळी भावजी भाऊंचा बॅनर लावायला चौकात गेलेले होते. मी पहिली गाडी धरली. परळीला बदलून सिरसाळ्याची. उभ्यानं धरायलाही जागा नाही; मला कसंबसं बसायला मिळालं, पण मांडी एकच. लंगोटांची बॅग पायाशी टाकली. पिशवी वर रॅकमध्ये ठेवायची नाही, पडते. खाली ठेवायची नाही, एस.टी.चा पत्रा थरथरतो आणि आतले स्क्रू ढिले होतात. शेजारच्या म्हातारीनं हात पुढं केले. "दे एक कायतरी हिकडं." मी मनू दिली.

म्हातारी बघतच राहिली. "आगं, लेकरू परक्याच्या मांडीवर अन् पिशवी उराशी? सोनं हाय का काय?"

"कॅमेरा आहे, मावशी."

"आगं बया. कशी माय हायस गं?"

पुढचे दोघे वळून बघायला लागले. मनूला गचका बसला तर ती रडून सांगते. हा काही सांगत नाही, नवरीच्या चेहऱ्यावर धुकं आलं की मगच कळतं. पण हे सांगून कुणाला पटणार? मनू म्हातारीच्या नथीला हात घालत होती आणि म्हातारी मला शिव्या देत तिचे मुके घेत होती.

जिनतच्या अंगणात मधोमध पडदा होता, पलीकडं पुरुष, अलीकडं आम्ही. जिनतची फुफी, म्हणजे तौसीफ चाचांची बहीण कमरजहाँ आपा, पडद्याशी खुर्ची टाकून बसलेली. मी कॅमेरा काढून गळ्यात घातला आणि वाटेत ओले झालेले लंगोट कॅमेऱ्याच्या बॅगेत कोंबून चेन लावली. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. आवाज मी ओळखला.

"वहिनी! बाहेर या!"

बायकांची गडबड थांबली. पडदा हलला, आणि आपा खुर्चीतूनच कडाडली, "ए! पाऊल आत टाकू नको. इथं बायका हायत."

"माझी भावजय हाय आत. माझी बॅग हाय तिच्याकडं."

"तू कुणीबी असशील बाबा. माझा सख्खा भाऊ तौसीफबी इकडं यायचा न्हाई. मग तू कोण लागून गेला?"

बाहेर कुणीतरी हसलं. भावजींचा आवाज चढला. "बॅग दे म्हणा! भाऊ वाट बघायलेत! मी जाणार न्हाई बॅग घेतल्याबिगर. अन् घरी आल्यावर तर बघतोच हिला."

आपानं माझ्याकडं पाहिलं. मी गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग बॅगेकडं. उचलली. ओल्या लंगोटांना चांगलं वजन असतं. पडद्याखालून सरकवली.

"चेन लावलेली आहे, भावजी," मी म्हटलं. "उघडी ठेवून नेऊ नका."

"मला शिकवू नका."

त्यांनी ती हँडलला अडकवली असणार, बकल आपटल्याचा आवाज आला. उघडून काही बघितलं नाही. कधीच बघत नाहीत. गाडी सुरू झाली आणि परळीच्या रस्त्याला आवाज विरत गेला.

"दिली? देऊन टाकली?" जिनत आतून मेंदीचे हात वर धरून धावत आली, डोळे भरलेले. मी कॅमेरा उचलून तिच्यापुढं धरला. ती रडता रडता हसली, आणि मी तो फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितला तर कोपऱ्यात, तिच्या ओढणीच्या कडेला, फिकट गुलाबी सावली होती. छान दिसत होती, असं नाही. पण चेहरा लख्ख होता.

थोड्या वेळानं मनू ओली झाली आणि माझ्या लक्षात आलं, कोरडे लंगोटही बॅगेबरोबर गेले. कमरजहाँ आपानं आतून एक जुनी मलमलची ओढणी आणली, दातानं टोक धरलं, चर्रकन फाडली. मनूला बांधली आणि मांडीवर घेऊन बसली. "जा, काढ तुझे फोटो."

पिशवीतला फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजायला लागला. घाटनांदूरची शेवटची गाडी मला धरायचीच होती, आणि घरात काय वाट बघत होतं तेही माहीत होतं. पण माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला होते, आणि जिनत हनुवटी उचलून विचारत होती, "अशी बसू का?"