आधी थांबायचं

मित्रांनो, त्या शनिवारी दुपारी याकोबने मला नेहमीसारखे साबणाच्या पाण्यात धुतले आणि दौंडच्या रेल्वे चाळीतल्या दोरीवर वाळत घातले. मी रेल्वेची लाल झेंडी. कडा उसवल्या तेव्हा मला कामातून बाद केले, पण याकोबने मुकादमाकडून मला मागून घेतले होते. त्याची आता मोठी झालेली मुलगी मार्था दारात गहू निवडत होती.

"वाळली की घडी घाल गं," तो म्हणाला. तिने मान हलवली. एवढेच. सोमवारी रुळावर काम करताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो चालत घरी आला नाही.

मी नवी होते तेव्हा तो रुळांची निगा राखणारा तरणाबांड गँगमन होता. कुठे रूळ खचला की तो मला घेऊन गाडीच्या दिशेने धावे. मी दिसले की मेलगाडीसुद्धा उभी राही. ड्रायव्हर शिव्या घालत उतरे, पण थांबल्यानंतर. आमच्या कामाचा कायदाच तो: आधी थांबायचे, का ते मागून विचारायचे. त्या कायद्याचा मला गर्व होता. आजही आहे.

१९५४ साली मार्थाला सातवे वर्ष लागले तरी ती बोलत नव्हती. ऐकू सगळे येई. न बोलणाऱ्या मुलीला शाळा घेईना. म्हणून शिरूरच्या लिडियाबाई दर गुरुवारी एसटीने येऊ लागल्या. मुलांना बोलते करायची नवी रीत त्या शिकून आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्याकडे लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असे. 'आबा' म्हटले की गोळी, नाही म्हटले तर खुर्चीवरून उठायचे नाही. मार्था ओठ मिटून घेई, मान फिरवी, घसरून खाली बसे. मैलावरून माझा रंग ओळखणारा याकोब तिचे खांदे धरून तिला परत वर बसवी. रुळावर डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा माणूस घरात आंधळा झाला होता.

एका गुरुवारी ती त्याच्या हातातून सुटली, तिने खुंटीवरच्या पिशवीतून मला काढले आणि बाईंपुढे दोन्ही हातांनी मला उंच धरून उभी राहिली.

बाई हसल्या. "अगं, मी काय मेलगाडी आहे?"

याकोब हसला नाही. "बाई, थांबा."

"याकोबदादा, शब्द ओठांवर आलाय. आजचा दिवस बसू द्या."

"लाल दिसली. आदी थांबायचं."

"लेकराचं भलं तुम्ही बघायचं का तिनं?"

"भलं मी बघीन. तोंड तिचं हाय."

"आन् शाळा?" आतून कृपाबाईने, मार्थाच्या आईने, विचारले.

"न्हाई तर न्हाई," तो म्हणाला.

दोन गुरुवार बाई आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आल्या त्या बरणीशिवाय, आणि जमिनीवर बसल्या. "मार्था, आज बसायचं का?" मी वर झाले. बाई चहा पिऊन परत गेल्या. असे कितीतरी गुरुवार गेले. मग एकदा मार्थाने आपणच माझी घडी घातली. पुढे 'पाणी' आले, 'ये' आले. दहाव्या वर्षी ती शाळेत गेली.

यावरून थांबले की फळ मिळते, असा धडा काढू नका. ती जन्मभर बोलली नसती तरी थांबणेच बरोबर होते.

'आबा' मात्र ती कधी म्हणाली नाही. जवळ येऊन त्याची बाही ओढी.

"जगाशी बोलती, बापाला हाक न्हाई," कृपाबाई म्हणे.

"त्यो शब्द आपण गोळीवर मागितला व्हता," याकोब म्हणे. "तिनं न्हाई दिला. ऱ्हाऊ दे तिच्यापाशी."

त्याला मातीत ठेवले तेव्हा चर्चचे पाळक म्हणाले, "मार्था, बापाला शेवटची हाक मार, पोरी." बायकाही म्हणाल्या, "बोल की गं." मार्थाने पदराआडून मला काढले आणि उंच धरले. गँगमन मंडळी सगळ्यांच्या आधी मागे सरली. मग बाकीचे गेले.

मित्रांनो, लहान मुलाच्या हातात झेंडी नसते. मिटलेले ओठ असतात, फिरवलेली मान असते. हे दिसले की थांबा. तुम्ही किती मोठी गाडी आहात, हे सांगत बसू नका.

मार्था मातीच्या ढिगाशी बसली. माझी चौघडी करून तिने मला मांडीवर ठेवले. आता कोणी मागत नव्हते.

"आबा," ती म्हणाली. "आबा, झेंडी वाळली. घडी घातली."