आईच्या जागी

सोमनाथ सरांनी कवितेत एक बाई मारली होती, आणि ती बाई आता सभागृहाच्या दारात उभी राहून चप्पल कुठे काढायची ते विचारत होती.

मारायचा त्यांचा काही हेतू नव्हता. सर राहायला नाशकात इंदिरानगरला आणि शाळा हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर. जानेवारीत केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षकांच्या ग्रुपवर संदेश पडला की शहरातल्या एका साहित्य प्रतिष्ठानाने मराठी भाषा दिनासाठी काव्यस्पर्धा ठेवली आहे, प्रत्येक शाळेने एका विद्यार्थ्याची स्वरचित कविता पाठवावी. खाली सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. विद्यार्थ्याची स्वरचित कविता म्हणजे सरांनी जेवण झाल्यावर हात धुऊन रचलेली कविता, हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात कुणाला लाज वाटत नाही, कारण ती सगळ्यांची मिळून असते आणि वाटणीला फार थोडी येते.

तरी सोमनाथ सर नवे होते, म्हणून त्यांनी आधी खरोखरच मुलांना कविता लिहायला सांगितली. पाट्या काढल्या. दिनेशने आपल्या बैलांची नावं एकाखाली एक लिहिली. एकीने मोठ्या अक्षरात 'कविता' असं लिहून पाटी भरली आणि हात वर केला. तिसरीतल्या पल्लवीने लिहिलं होतं:

आई द्राक्षाला गेली.
कोंबडी तिच्या जागेवर झोपती.
मी तिला उठवत नाय.

सरांना छातीत कसंतरी झालं. सकाळी रिकाम्या पोटी चहा घेतलेला, पित्त असणार, असं त्यांनी ठरवलं.

"छान आहे," ते म्हणाले. "पण यमक कुठाय?"

पल्लवीने पाटीच्या मागे बघितलं.

"आणि ही कोंबडी काढ. कोंबडीला बक्षीस मिळत नाही गं."

मग त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि तिच्यावर स्वतः लिहायला घेतलं. गेल्या वर्षी त्यांच्या शाळेने आईवरच कविता पाठवली होती, पण त्या कवितेत आई जिवंत होती. जिवंत आईला फार तर उत्तेजनार्थ मिळतं. पहिला नंबर शेजारच्या शाळेने नेला होता, त्यांची आई दुसऱ्याच ओळीत वारली होती. तेव्हा सरांनी वेळ न घालवता पहिल्याच ओळीत उरकून टाकलं:

आई गं, तू गेलीस आकाशाच्या घरी,
तुझ्याविना ओसरी झाली गं बावरी.
चंद्र म्हणे मला, रडू नको बाळा,
सांग ना गं आई, आता कुठे भरते शाळा?

शेवटच्या ओळीला काही अर्थ नव्हता, पण यमक होतं.

पल्लवीने वाचलं आणि विचारलं, "सर, असं लिवलं तर आई मरल का?"

"नाही गं. कवितेत कुणी मेलं तरी चालतं."

पुढे प्रतिष्ठानातून फोन आला. पहिला नंबर. पलीकडच्या बाईंचा आवाज दाटून आला होता. "एवढीशी पोर! आई खरंच नाहीये का हो तिला?" त्या क्षणी सरांना खरं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "हो, फार वाईट झालं." एवढंच.

खऱ्या आईचं असं झालं की ती दिंडोरीकडे एका बागेत द्राक्ष तोडायला टोळीबरोबर गेली होती. पल्लवीच्या आजीने तिला फोनवर सांगितलं, पोरगी नाशकात स्टेजवर चढणार. तिने मुकादमाशी भांडून एक दिवसाची सुट्टी काढली आणि ती थेट सभागृहात आली.

"गुरुजी!" तिने सरांच्या हातात द्राक्षांची पिशवी दिली. "तुमच्यामुळं आमची पोरगी इथवर आली. हे तुमाला. गोड हायती, पारखून आनली."

सरांनी पिशवी घेतली. ती द्राक्षांच्या मानाने फारच जड लागली. त्यांनी आईला तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि पल्लवीला पडद्याआड गाठलं. ती आधीच रडवेली झालेली.

"सर, आई समोर बसलीय. तिला कसं म्हनू, तू मेली?"

"नको म्हणू. आईच्या जागी दुसरं कुणीतरी घाल. आजीला घाल."

"आजी पन हाय."

"मग घरातलं... कुणी गेलेलं नाही का?"

पल्लवीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाय. समदे हायती."

आयुष्यात पहिल्यांदाच सरांना एखाद्या कुटुंबाच्या तब्येतीचा राग आला. आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. "जे कुणी सुचेल ते घाल!" ते म्हणाले आणि सभागृहात आईच्या शेजारी येऊन बसले.

माइक तिच्या कपाळाशी होता. कुणीतरी तो खाली केला. पल्लवीने समोर बघितलं. आधी आईकडे, मग सरांकडे. मग हात जोडून सुरुवात केली:

"सर हो, तुम्ही गेलात आकाशाच्या घरी,
तुमच्याविना ओसरी झाली हो बावरी.
चंद्र म्हणे मला, रडू नको बाळा,
सांगा ना हो सर, आता कुठे भरते शाळा?"

सरांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की शेवटची ओळ आता कुठे जमली. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला, तोवर सभागृहात रुमाल निघाले होते.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी हातातल्या कागदावर पाहिलं. तिथे 'मातृहीन बालिका' असं लिहिलेलं. आता त्यांच्या हिशेबाने आईही गेली होती आणि सरही. "एवढ्याशा वयात," त्या कशाबशा म्हणाल्या, "दोन दोन आघात!" प्रमुख पाहुणे मुळातच हळवे. ते डोळे पुसत उठले आणि म्हणाले, आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

सगळे उठले. सरांच्या पलीकडे बसलेले केंद्रप्रमुख रंगनाथ भोये साहेबही उठले. सोमनाथला त्यांनी सकाळीच नाश्त्याला दोन प्लेट उपमा खाताना पाहिलं होतं. पण प्रमुख पाहुण्यांना कोण सांगणार? त्यांनी मान खाली घातली आणि तिरक्या डोळ्याने मयताकडे बघत राहिले.

पल्लवीची आई राष्ट्रगीत सुरू होईल म्हणून ताठ उभी होती. ते काही सुरू होईना, तेव्हा तिने सरांना हळूच विचारलं, "गुरुजी, कोन गेलं?"

"मी," सर म्हणाले.

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् त्या बाई दोन म्हनत व्हत्या. दुसरं कोन?"

सरांनी पिशवीतल्या द्राक्षांकडे बघितलं. दुसरा आघात तूच आहेस, असं त्या आघातालाच सांगायचं कसं, हे डी.एड.ला कुठल्याच विषयात नव्हतं. खालची फरशी दुभंगावी असं त्यांना वाटलं, पण फरशी चांगली बसवलेली होती.

स्तब्धता संपली. पाहुणे म्हणाले, दिवंगत सरांच्या सहकाऱ्यांपैकी कुणी असेल तर दोन शब्द बोलावेत. भोये साहेबांनी सोमनाथच्या कोपराला चिमटा काढला. "जा वर. तू नाही बोललास तर मला बोलावं लागेल, आणि मी चांगलं बोलणार नाही."

अशा रीतीने सोमनाथ सर स्वतःच्या श्रद्धांजलीला उभे राहिले. हातात पिशवी तशीच. स्टेजच्या कडेला पल्लवी त्यांच्याकडे बघत होती. आपलं काही चुकलं का, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

"गेलेल्या सरांना मी जवळून ओळखतो," त्यांनी सुरुवात केली. "ते... ते काही चांगले शिक्षक नव्हते."

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पुन्हा हातातला कागद पाहिला.

"मुलांच्या नावावर स्वतःच कविता लिहायचे. या मुलीने एक कविता लिहिली होती. चांगली होती. त्यांना ते कळलंसुद्धा होतं. तरी त्यांनी ती पुसली आणि बक्षिसासाठी तिच्या आईला मारलं. फोनवर विचारलं तेव्हाही खोटं बोलले."

पाहुण्यांना राहवलं नाही. "अहो, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये!"

"गेलेला नाही, साहेब," सर म्हणाले. "मीच तो. आणि हिची आई ती, तिसऱ्या रांगेत."

आपल्याकडे हात केलेला बघून पल्लवीची आई उठली आणि तिने सगळ्यांना नमस्कार केला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. एकच टाळी, मग तीही ओशाळली.

पहिलं बक्षीस काढून दुसऱ्या नंबरच्या मुलाला दिलं. त्याच्या कवितेत आजोबा गेले होते. ते कुठवर गेले होते, हे कुणी विचारलं नाही. त्या शाळेचे सर मात्र बुटाची लेस बांधायला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर पल्लवीची आई बसली होती. सरांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली. "ही परत घ्या ताई. माझी लायकी नाही."

"दिलेलं परत घेत नसतेत." तिने पिशवी त्यांच्याकडे सरकवली. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला मारलं त्याचं काय नाय, गुरुजी. पन पोरीच्या तोंडून कशाला?"

सरांनी पिशवी उचलून जवळ घेतली. आजच्यापुरतं ते पुष्कळ बोलले होते, आणि त्यातलं काहीच या प्रश्नाला लागू पडत नव्हतं.

पल्लवी आईच्या पदराशी खेळत होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मला का घातलंस गं?"

"तुमीच म्हनला, कवितेत मेलं तरी चालतं."

"हो. म्हणालो होतो." त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. "पल्लवी, ती तुझी कोंबडीची कविता. ती परत लिहून देशील? मी हात लावणार नाही. यमकसुद्धा नको."

पल्लवीने आईच्या मांडीवर डोकं टेकवलं.

"आता नाय येनार," ती म्हणाली. "आता आई हाय ना."

"बरं."

"उद्या आई परत द्राक्षाला जाईल," तिने सरांची समजूत काढली. "मग लिवते."