घराण्याचं कापड

सकाळी आठच्या आत चवळीची भजी संपली की अबेनीचा दिवस बरा जायचा. त्या मंगळवारी ती साडेसातलाच संपली. कढई घासायला ती वाकली, तेवढ्यात फोन वाजला. घराण्याच्या ग्रुपवर मोठ्या वन्संचा निरोप आला होता. मोठ्या वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण आदुनोला. त्यांचे निरोप कोर्टाच्या समन्ससारखे असत. फरक इतकाच, की कोर्ट निदान तारीख वाढवून देतं.

‘आईंना ऐंशी पूर्ण होत आहेत. शनिवारी जेवण, रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना. शनिवारी सगळ्यांनी डाळिंबी लेसचं कापड, रविवारी निळं. बायकांनी पाच वार, पुरुषांनी चार, मुलांना अडीच. मांडीवरची मुलं धरून. गरोदर बायकांनी अर्धा वार जादा घ्यावा.’

शेवटचं वाक्य अबेनीने पुन्हा वाचलं. ते तसंच होतं. एकतीस जणांनी त्यावर अंगठे उंचावले होते. एका गरोदर जावेने भीत भीत विचारलं होतं, ‘जुळी असली तर?’ वन्संनी मिनिटाच्या आत कळवलं होतं, ‘एक वार.’

अबेनीला जुळी नव्हती. तिला एकच मुलगी होती, सात वर्षांची इबिदुन. इबिदुन शाळेत पहिल्या बाकावर बसायची आणि तरीही तिला फळा म्हणजे पावसात उभी केलेली काळी भिंत वाटायचा. म्हणून ती शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घ्यायची. इतकं प्रामाणिकपणे, की परीक्षेत तिने शेजारणीचं नावही उतरवलं. बाईंच्या हातात एकाच मुलीचे दोन पेपर आले आणि इबिदुन गैरहजर लागली. मग शाळेत डोळे तपासणारे डॉक्टर आले. त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि म्हणाले, “उशीर करू नका. डोळे वाट पाहत नाहीत.”

चार महिने भजी विकून चष्म्याचे पैसे जमत आले होते. मायलेकींचं दोन दिवसांचं कापड म्हणजे तेवढेच पैसे, वर शिलाई.

तिने नवऱ्याला फोन लावला. आकान्नी चार वर्षांपासून गॅबनमध्ये लिब्रव्हीलला सुतारकाम करत होता. दुसऱ्यांची दारं बनवता बनवता घराच्या दाराशी यायचं त्याला जमलं नव्हतं.

“कापड घे,” तो म्हणाला.

“आणि चष्मा?”

“चष्मा काय, नंतरही येतो. आईची ऐंशी एकदाच येते.”

“अहो, डोळेही एकदाच येतात.”

“माझी पोर चारचौघांत उघडी दिसायला नको मला.”

“उघडी कशाला? तिला चांगला फ्रॉक आहे.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला, आणि लाइन गेली.

फ्रॉक घातलेली मुलगी उघडी दिसते, हे त्यांच्या ओग्बोमोशो गावाबाहेर कुणाला पटायचं नाही. अबेनीला मात्र ते ठाऊक होतं. गेल्या वर्षी थोरल्या काकांच्या अंत्यविधीला ती घराण्याचं कापड न घेता इबिदुनला साध्या कपड्यांत घेऊन गेली होती. वाढपी भाताचं ताट घेऊन आला. त्याला हुकूमच होता, कापड बघायचं आणि वाढायचं. इबिदुनने हात पुढे केला. तो थांबला आणि म्हणाला, “तुम्ही कुणाकडच्या?” अबेनीने नाव सांगितलं. तो म्हणाला, “असाल. पण दिसत नाही.” ताट पुढे गेलं. घरी येताना इबिदुनने विचारलं होतं, “आई, बाबा लांब कामाला गेले म्हणून आपण त्यांच्या घरातल्या नाही का आता?”

त्या प्रश्नाचं उत्तर अडीच वारांत मिळत असेल, तर घ्यावं, असं अबेनीला वाटलं. ती एकटी होती, आणि एकट्या माणसाला घराणं फार मोठं दिसतं. तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुस्तकात ठेवली आणि कापड आणलं. शिंप्याकडे गर्दी होती, त्यामुळे डाळिंबी तेवढं शिवून झालं. निळं तसंच घडीत राहिलं. शनिवारी रात्री तो ते शिवून देणार होता.

शनिवारी मंडपात तीनशे माणसं होती आणि सगळी डाळिंबी. एका चार महिन्यांच्या मुलीला मोठ्या बायकांसारखं कडक डोईचं कापड बांधलं होतं. ते तिच्या स्वतःपेक्षा मोठं असल्याने तिची आई मूल एका हातात आणि कापड दुसऱ्या हातात धरून फिरत होती. बारा दिवसांच्या एका बाळाची टोपी नाकापर्यंत उतरली होती. ते बाळ तेवढं समाधानी दिसलं.

इबिदुन आईने कमरेला गुंडाळलेल्या डाळिंबी लुंगीचा काठ मुठीत धरून चालत होती. लेस तिला टोचत होती, पण ती खूश होती. वाढप्याने ताट ठेवलं आणि पुढे गेला. काहीच विचारलं नाही.

तेवढ्यात मोठ्या वन्सं आल्या. “अबेनी, बसलीस काय गं पाहुणीसारखी? मागे भात लागतोय, माणूस कमी पडतंय. ऊठ.”

“वन्सं, पोरीला—”

“पोरीला काय होतंय? सगळी आपलीच माणसं आहेत.”

अबेनीने इबिदुनला खुर्चीवर बसवलं. “इथून हलू नकोस. मी आलेच.”

आत कढया तीन आणि तोंडं तीनशे. ‘आलेच’ म्हणायला सोपं असतं. ती पाऊण तासाने परतली तेव्हा खुर्चीवर एक मोठा माणूस बसला होता. डाळिंबी.

“इथे माझी मुलगी होती.”

“कुठली?”

“सात वर्षांची. डाळिंबी—” अबेनी बोलता बोलता थांबली.

तिने टेबलांखाली पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. मग धावत जाऊन माइकवाल्याला सांगितलं. तो हौशी माणूस होता. ढोल थांबवून त्याने घोषणा केली, “एक मुलगी हरवली आहे! वय सात! अंगात डाळिंबी लेसचा फ्रॉक! दिसल्यास स्टेजवर आणावी!”

पाच मिनिटांत स्टेजवर सव्वीस मुली आल्या. लोकांनी मनापासून शोधल्या होत्या. काही रडत होत्या, एकीच्या हातात कोंबडीचा पाय होता. दोन मुलगेही आणले होते, असावे म्हणून.

“यातली कुठली, बाई?” माइकवाल्याने विचारलं.

“यातली नाही.”

“नीट बघा.”

“अहो, माझी आहे ती! मला कळत नाही का?”

लोक हसले. वाईट मनाने नाही. जेवण चांगलं झालं होतं.

मोठ्या वन्सं लगबगीने आल्या. माइकवाल्याने त्यांना विचारलं, “दिसायला कशी आहे हो?”

“डाळिंबी कपड्यांतच आहे,” वन्सं म्हणाल्या.

“तसं नाही. चेहरा, केस, काही खूण?”

वन्संनी मग अबेनीकडे वळून हळूच विचारलं, “नाव काय गं तिचं?”

अबेनीने नाव सांगितलं. माइकवाल्याने ते तीनदा पुकारलं. नंतर केक कापायची वेळ झाली म्हणून ढोल पुन्हा सुरू झाला. “येईल गं,” कुणीतरी म्हणालं, “पोरं कुठे जातात? भूक लागली की येतात.”

अबेनी एकटीच रस्त्याला लागली. रताळीवाल्याला विचारलं, मोटारसायकलवाल्यांना विचारलं, “डाळिंबी कपड्यांतली मुलगी पाहिलीत का?” सगळे म्हणाले, “पाहिली की! सकाळपासून शंभर पाहिल्या.” गावात तिच्या मुलीला न पाहिलेला माणूस नव्हता, आणि पाहिलेलाही नव्हता. चपलेचा पट्टा तुटला, तिने चपला हातात घेतल्या. मागून ढोल ऐकू येत होते. इतकी माणसं एका अंगणात, आणि तिच्याबरोबर चालायला एकही नाही, हे तिला तेव्हा फार शांतपणे कळलं.

ऊन उतरलं तेव्हा ती ओयोला जाणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीतळावर पोहोचली. एका बाकावर डाळिंबी लेसमधली एक अनोळखी बाई बसली होती. शेजारी इबिदुन, आणि दोघींच्या मध्ये पाहुण्यांना भेट म्हणून वाटलेली, सासूबाईंचा फोटो छापलेली प्लास्टिकची बादली.

अबेनी तिथेच रस्त्यावर बसली.

“ही तुमची का?” बाई म्हणाली. “देवा, सुटले! अहो, मी गाडीत चढले, दोन थांबे पुढे गेले, कंडक्टर म्हणतो मुलीचं तिकीट. मी म्हटलं कुठली मुलगी? बघते तर माझी लुंगी धरून ही! उतरून परत आले. म्हटलं, शोधणारं कुणीतरी येईल इथेच.”

“तुम्ही घराण्यातल्या कुणाच्या?” अबेनीने विचारलं.

“मी कुणाची नाही. मी रिसी. मिरच्या विकते.” ती जरा ओशाळली, पण जराच. “दुकानदाराकडे या कापडाचा तुकडा उरला होता, स्वस्तात मिळाला. मंडपावरून जात होते, तर आतल्यांनी हाताला धरून नेलं. ‘या, या, उशीर केलात’ म्हणाले. भात वाढला, मांस वाढलं, बादली दिली. एक म्हातारे तर मला मिठी मारून रडले. मी काय म्हणणार?”

इबिदुनच्या गालावर लेसचे व्रण उठले होते. अबेनीने तिला जवळ ओढलं. “हाक का नाही मारलीस गं मला?”

“मारली,” इबिदुन म्हणाली. “तू बोललीच नाहीस. मला वाटलं, मी खुर्चीवरून उठले म्हणून तू रागावलीस. मग मी गप्प बसले. गाडीत त्या बोलल्या, तेव्हा कळलं तू नाहीस.”

अबेनीने तिचे गाल पुसले. मग तिने विचारलं, “रिसीबाई, निळं कापड घ्याल का? साडेसात वार आहे, कात्री लागलेली नाही.”

रिसीने विचार केला. “निळ्याला काय असतं?”

“उद्या चर्च. नंतर जेवण.”

“बादली?”

“ताटली, बहुतेक.”

सौदा झाला. कापड शिंप्याकडून उचललं, आणि दुकान बंद व्हायच्या आत अबेनीने डॉक्टरांची चिठ्ठी चष्मेवाल्याच्या काउंटरवर ठेवली. तो म्हणाला, अर्धे पैसे आता द्या, बाकीचे हळूहळू, बुधवारी मिळेल.

रविवारी चर्चच्या पुढच्या सहा रांगा निळ्या होत्या. अबेनी भजी विकायला जाताना नेसते ती छापील लुंगी नेसून आली होती, इबिदुन पिवळ्या फ्रॉकमध्ये. दारातल्या स्वयंसेवकाने त्यांना सवयीने मागचा बाक दाखवला. त्या बाकावर दोघीच होत्या. प्रार्थनेत सासूबाईंच्या लेकीसुनांसाठी, नातवंडांसाठी देवाचे आभार मानले गेले. मागच्या बाकावर दोघींनी आमेन म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर फोटोसाठी सगळे उभे राहिले. सासूबाई मधोमध खुर्चीत. अबेनी इबिदुनचा हात धरून पायऱ्या चढली आणि पहिल्या रांगेच्या टोकाला उभी राहिली. तिच्या शेजारच्या दोघी नकळत सरकल्या.

“बाजूला हो गं जरा,” मोठ्या वन्सं दातांतून म्हणाल्या. “सगळा रंग बिघडतोय.”

“वन्सं, मी या घरातली आहे की नाही?”

“आहेस गं बाई, कोण नाही म्हणतंय? पण कापड कुठाय?”

“दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी बाई कोण आहे?”

वन्संनी मान वळवली. बाईने हसून नमस्कार केला. “ती... इबादानच्या काकांकडची असेल.”

“ती मिरच्या विकते. काल माझी पोर तिला मी समजून गाडीत बसून गेली, कारण पोरीला लांबून फक्त कापड दिसतं. तुम्हाला तर जवळूनही तेवढंच दिसतं. तिला तुम्ही जेवू घातलंत, त्याचं मला बरं वाटलं. माझ्या मुलीचं नाव मात्र तुम्हाला मला विचारावं लागलं.”

“माझं कशाला काढता?” रिसी मागून म्हणाली. “मी कुठे खोटं बोलले? मला कुणी विचारलंच नाही.”

कुणी हसलं नाही. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्या विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

“काही नाही, आई,” अबेनी मोठ्याने म्हणाली. “तिला राहू द्या, आम्हीही राहतो. यापुढे प्रत्येक कार्याला येऊ, भांडी घासू, भात ढवळू. कापड घेणार नाही. ते पैसे पोरीच्या डोळ्यांचे आहेत, तिच्या वह्यांचे आहेत. जेवायला वाढायचं नसेल तर नका वाढू. भजी आहेत माझी.”

तिला वाटलं, निदान ती गरोदर जाऊ तरी आपल्याकडे बघेल. जावेने खाली पाहिलं. त्या पायऱ्यांवर अबेनीच्या बाजूने कुणीही काहीही बोललं नाही, हे इथे लिहून ठेवायला हवं.

फोटोग्राफर खोकला. “घेऊ का मग?”

हो कुणी म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. तो कॅमेऱ्यामागे वाकला. मायलेकींच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा रिकामी राहिली होती.

“आई,” इबिदुनने विचारलं, “कुठे बघू?”

अबेनीने दोन बोटांनी तिची हनुवटी वळवली. “इथे. सरळ. आणि हलू नकोस.”