लेकीला अजून सांगू नकोस

ती गेली तो रविवार होता. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. डॉक्टर बाहेर येऊन चार वाक्यं बोलले आणि कुलूपवाल्याच्या हातात बायकोच्या सामानाची पिशवी आली. पिशवीत कंगवा, चपला आणि तिचा फोन होता. त्याचा स्वतःचा फोन सकाळीच बंद पडला होता आणि चष्मा घरी राहिला होता. त्याने बायकोच्या फोनवरून बहिणीला कसाबसा निरोप लिहिला : ‘आत्ताच गेली. लेकीला अजून सांगू नकोस. मी येऊन सांगतो.’

वाटेत तो एकच विचार करत होता. बारा वर्षांच्या पोरीला हे सांगायचं कसं?

घरी पोहोचला तेव्हा बहीण दारातच रडत होती. लेक जिन्यात बसली होती. त्याला बघून ती उठली नाही.

“बाबा, मला माहीत आहे,” ती म्हणाली. “भिंगरीने सांगितलं.”

भिंगरी म्हणजे समोरच्या गल्लीतली तिची जिवलग मैत्रीण. लेक सकाळपासून तिच्याकडेच खेळायला गेली होती. भिंगरीची आई त्याच दवाखान्यात नर्स होती. कुलूपवाल्याने मनातल्या मनात हिशेब जुळवला. नर्सने घरी कळवलं असणार आणि पोरीने ते माझ्या पोरीच्या तोंडावर फेकलं असणार.

चौथ्या दिवशी तो भिंगरीच्या दारात उभा राहिला आणि वाट्टेल ते बोलला. “तुमच्या पोटात चार तास गोष्ट राहत नाही? माझ्या पोरीला तिच्या बापाने सांगायचं होतं!” नर्स म्हणाली, “अहो भाऊ, ऐका तरी, तो निरोप...” पण तो ऐकायला थांबलाच नाही. त्या दिवसापासून लेकीचं आणि भिंगरीचं बोलणं बंद झालं.

त्याची बायको लेकीच्याच शाळेत संगणक शिकवायची. तिच्या जाण्याची बातमी शाळेभर झाली यात नवल नव्हतं. पण बातमी फोनांमधून फिरता फिरता तिला कुणीतरी शेपूट जोडलं : ‘आजार लागट होता, एकाचा दुसऱ्याला होतो. वर्गातल्या मुलांना तपासून घ्या.’ बाईंचं हृदय जन्मापासून कमजोर होतं, ते लागट कसं असेल? तरी लेक शाळेत गेली तेव्हा तिच्या बाकावरच्या दोघी उठून मागे जाऊन बसल्या. डबा खायला कुणी बोलावलं नाही. दोन दिवस तिने काढले. तिसऱ्या दिवशी दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाली, “मी आता जाणार नाही.”

बापाने समजावलं, आत्याने समजावलं. तीन आठवडे झाले. दप्तर हललं नाही.

मग एक दिवस शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. किल्ली करायला आल्यासारख्या काउंटरला टेकून उभ्या राहिल्या.

“तुमच्या पत्नी शनिवारी मुलांचा एक तास घ्यायच्या,” त्या म्हणाल्या. “इंटरनेटवर कसं वागायचं, काय पाठवायचं, कुणाला फोटो द्यायचा नाही. तो तास बंद पडलाय आणि नेमका आत्ताच हवा आहे. त्यांची टिपणं कुठे असतील तर द्या. दुसरं कुणीतरी घेईल.”

टिपणं फोनमध्ये असणार. तो फोन त्या रविवारपासून कपाटाच्या खणात पडून होता. कुलूपवाल्याने तो बाहेर काढला, चार्जिंगला लावला आणि चष्मा लावून समोर बसला.

टिपणं सापडायच्या आधी निरोपच सापडला. सव्वाअकराचा. ‘आत्ताच गेली. लेकीला अजून सांगू नकोस.’ पण बहिणीच्या नावाखाली नव्हे. तो होता सातवीच्या वर्गाच्या ग्रुपवर, जिथे चाळीस घरांचे फोन होते. बहिणीच्या नावाशेजारी आत्या-भाचीचा फोटो होता आणि ग्रुपवर वर्गाचा फोटो होता, ज्यात लेक पहिल्या रांगेत मधोमध उभी होती. चष्म्याविना त्याला फक्त लेकीचा चेहरा दिसला होता आणि त्याने बोट दाबलं होतं.

बहिणीला निरोप गेलाच नव्हता. तिला शेजारणीकडून कळलं होतं आणि त्या धावपळीत कुणी कुणाला विचारलं नव्हतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. दुःखातल्या माणसाला कशाला सांगा म्हणून सगळे गप्प राहिले होते. ज्या नर्सला तो नको नको ते बोलला, तीसुद्धा त्यानंतर.

मग त्याने टिपणं उघडली. शेवटच्या पानावर बायकोने लिहिलं होतं : ‘यांना एकदा वर्गात आणायचं. किल्ली दाखवतील. मुलांना माझ्या बोलण्यापेक्षा लवकर कळेल. तयार होत नाहीत, पुन्हा विचारायचं.’

तिने खरंच पाच-सहा वेळा विचारलं होतं. तो म्हणायचा, “मी सातवी नापास. मला बघून काय शिकणार ती?” ती म्हणायची, “अहो, म्हणून तर या. त्यांच्याच वर्गातले तुम्ही.”

संध्याकाळी त्याने लेकीला समोर बसवलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

“म्हणजे तुम्हीच?”

“मीच.”

“आणि भिंगरी?”

“त्यांच्या घरातल्या फोनवर आलं, तिने वाचलं. घाबरून बोलून गेली असेल. पोरच ती.”

लेक रागावली. रागावायलाच हवं होतं. “तुम्ही त्यांच्या घरी जाऊन ओरडलात! सगळ्या गल्लीने ऐकलं!”

“हो. आता सगळ्यांसमोरच निस्तरायचं. शनिवारी मी वर्गात जाणार आहे. तू येशील?”

ती उठून आत गेली. शनिवारी सकाळी मात्र दप्तर कोपऱ्यातून हललं होतं.

वर्गात तो कोऱ्या किल्ल्या, कानस आणि एक मोठं कुलूप घेऊन गेला. पुढच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “काका, आमचे फोन उघडून देणार का?”

“फोन नाही, तोंडं उघडणार आहे तुमची. बस खाली.”

वर्ग हसला आणि त्याच्या अंगातली भीती गेली. त्याने सगळ्यांसमोर कानशीने खाचा पाडून किल्ली केली, कुलूप उघडून दाखवलं आणि किल्ली मुलांत फिरवायला दिली. ती परत आल्यावर त्याने विचारलं, “मिळाली ना मला माझी किल्ली? आता माझं घर सुरक्षित?”

“हो!”

“नाही,” मागून आवाज आला. ती भिंगरी होती. “मधे कुणी ठसा घेतला असेल तर?”

“शाबास. माझ्याकडे एक जण साबणावर ठसा घेऊन आला होता. म्हटलं, कुलूप कुणाचं? तो गडबडला, मी त्याला हाकलला. माझ्या दुकानाचा नियम आहे. कुलूप कुणाचं ते कळल्याशिवाय नक्कल करायची नाही. तुमच्या बाई म्हणायच्या, फोनवर बोट ठेवण्याआधी हाच प्रश्न विचारा. ही गोष्ट कुणाची? त्याला विचारलं का? कारण परत येते ती फक्त आपण दिलेली किल्ली. बाकीच्या नकला फिरतच राहतात.”

मग त्याने बायकोचा फोन टेबलावर ठेवला.

“आता माझी चूक ऐका. तो निरोप मी पाठवला, चष्मा न लावता, चुकीच्या ठिकाणी. आणि दोष दिला भिंगरीला आणि तिच्या आईला. भिंगरी, माझं चुकलं.”

भिंगरी खाली बघत राहिली. मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला. “काका, ते लागट आहे असं माझ्या मामाने लिहिलं. त्याला वाटलं काळजी घ्यावी. मी पुढे पाठवलं. सहा ग्रुपवर.”

“बरं झालं बोललास. मग आता सहाच्या सहा ग्रुपवर खरं पाठवायचं. ये फळ्याजवळ.”

सगळ्यांनी मिळून फळ्यावर मजकूर लिहिला. लांबला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी लेकच उठली, खडू घेतला आणि दोन ओळींत संपवलं : ‘माझ्या आईला हृदयाचा आजार होता. तो कुणाला लागत नाही.’

“पाठवू का?” त्याने तिला विचारलं. तिने मान हलवली. तो बोट ठेवणार तेवढ्यात पुढचा पोरगा ओरडला, “काका, आधी चष्मा!” लेक हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

त्याने चष्मा लावला, ग्रुपचं नाव मोठ्याने वाचलं, खाली लेकीचं आणि स्वतःचं नाव टाकलं आणि पाठवलं. तोच मजकूर त्या मुलाने घरी जाऊन सहाही ग्रुपवर टाकला. मधल्या सुट्टीत भिंगरीने न विचारता लेकीच्या डब्यात हात घातला. संध्याकाळी तो नर्सच्या दारात गेला. “भाऊ, आत या,” एवढंच ती म्हणाली. तो आत गेला आणि माफी मागितली.

लेक आता रोज शाळेत जाते. शनिवारचा तास तोच घेतो.

परवा दुकानात एक अनोळखी बाई किल्ली करायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, “इथल्या शाळेत काहीतरी लागट आजार आहे ना? मला फोनवर आलं होतं.” त्याने कानस खाली ठेवली आणि तिला खरं सांगितलं. तो मजकूर अजून किती जणांच्या फोनमध्ये आहे, त्याला माहीत नाही. तेवढ्यांना सांगायचं राहिलं आहे.